बत्तीस वळणांचा शब्द

लेक : ‘इंजिनाच्या तापमानाचा काटा मध्यावर आल्याशिवाय हिला पळवायचं नाही. झोपेतून उठवलेल्या माणसाला कुणी जिना चढायला लावतं का?’ गॅरेजवाल्या मिस्त्रीकाकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं मला. तेव्हा बाबा, पाच मिनिटं नुसतं बसायचं.

बाबा : मी बसलोय कुठे? आडवा झालोय. चौतीस वर्षं बस चालवली, रस्ता कायम लोकांच्या डोक्यांवरून बघितला. आता शेजारच्या कुत्र्याशी नजरानजर होतेय.

लेक : स्पोर्ट्स कार आहे ती. तिच्यात खालीच बसायचं असतं.

बाबा : बसायला ना नाही. उठायला क्रेन लागेल, एवढंच म्हणतोय.

लेक : आई सांगत होती, पहाटेपासून बूट घालून बसला होतात.

बाबा : तुझी आई काहीही सांगते. बूट जरा सैल करत होतो. आला बघ काटा. आणि चारही सिलिंडर एका सुरात आहेत.

लेक : तुम्हाला कळतं ते?

बाबा : न कळायला काय झालं? मागच्या वर्षी तू इंजिनाचा पट्टा बदललास, त्यानंतर दोन महिने ही उचकी लागल्यासारखी चालत होती. मी स्वयंपाकघरात बसून तुझ्या आईला म्हटलं होतं, पट्टा एका दातानं चुकलाय.

लेक : थांबा. तुम्हाला ठाऊक होतं? मी प्लग बदलले, वायरी बदलल्या, इंजेक्टर उतरवून धुतले. मिस्त्रीकाकांशी आठवडाभर अबोला धरला. आणि तुम्ही आत बसून चहा पीत होतात?

बाबा : सापडला ना शेवटी?

लेक : दोन महिन्यांनी.

बाबा : मग तो तुझा झाला. मी सांगितला असता, तर माझा झाला असता. चल आता, काढ बाहेर. डावीकडे सायकल आहे.

लेक : दिसली. बाबा, त्या बाजूला ब्रेक नाहीये.

बाबा : माहितेय.

लेक : मग पाय कशाला दाबताय? खालचा पत्रा मी स्वतः बसवलाय. भोक पडेल.

बाबा : पाय माझं ऐकत नाहीत. तो थांबा गेला बघ. म्हातारी हात दाखवत होती.

लेक : बसला दाखवत होती.

बाबा : तिला काय कळणार, मी कशात बसलोय ते. चेहरा बघून दाखवला असेल.

लेक : आठवतं का, ही आली तेव्हा काय म्हणाला होतात? टेम्पोवर घालून आणली होती. एक दिवा फुटलेला, सीटमध्ये उंदरांनी संसार मांडलेला. पाच वर्षं झाडाखाली उभी होती. मी मोठ्या उत्साहानं सांगितलं, आधीचे मालक तीन, पहिला दातांचा डॉक्टर. तर तुम्ही म्हणालात, ‘आणि शेवटचा भंगारवाला का?’

बाबा : अंदाज चुकला.

लेक : वर्षभर तिच्याकडे बघितलं नव्हतंत.

बाबा : बघत होतो. तू बघताना बघत नव्हतो. दिवसभर लोकांच्या लिफ्टा दुरुस्त करून यायचीस, हात धुवायचीस आणि पुन्हा काळे करायला जायचीस. रोज एक तास. पाऊस असो, ताप असो. एकदा मी जेवायला हाक मारायला निघालो, तर तुझी आई म्हणाली, जाऊ नका, तिचा नेम आहे, मोडू नये. म्हणजे घरात दोन नेमवाल्या. मी आपला ताटावर वाट बघत.

लेक : तेव्हा कधी बोलला नाहीत.

बाबा : आता बोललो की. हा क्लच हलका दिसतो.

लेक : हलकाच आहे.

बाबा : तिसरा गिअर पडताना किंचित अडतो. जोर नाही लावायचा, वाट बघायची. हो ना?

लेक : हो. बाबा, तुम्हाला काय विचारायचंय?

बाबा : काही नाही. रस्ता बघ.

लेक : रस्ता सरळ आहे. बोला.

बाबा : उभेराव उद्या चाललाय. मुलाकडे, कायमचा. तिकडे म्हणे टेकडीसुद्धा नाही, सगळं परातीसारखं सपाट.

लेक : म्हणून तर भेटायला निघालोय ना आपण.

बाबा : नुसतं भेटायला नाही. सव्वीस वर्षं माझा कंडक्टर होता तो. बस भरलेली असो की मोकळी, हा आपला उभा. लोकांनी म्हणून तर नाव ठेवलं. बत्तीस वळणांचा घाट, रोज दोन फेऱ्या, आणि त्यानं तो समोरून कधी बघितलाच नाही. तिकिटं फाडली, लोकांची तोंडं बघितली. नोकरीच्या शेवटच्या दिवशी मला म्हणतो, ‘ड्रायव्हर, इतकी वर्षं तू पुढे काय बघत होतास रे?’ मी म्हटलं, एकदा तुला शेजारी बसवून दाखवीन. मी चालवीन, तू नुसतं बघ. शब्द दिला.

लेक : चार वर्षं झाली त्याला.

बाबा : तेव्हा घरात गाडी नव्हती. होती, पण तिला चाकं नव्हती.

लेक : म्हणजे घाटात ही तुम्हाला चालवायचीय.

बाबा : लायसन्स आहे. डोळे गेल्या महिन्यात तपासलेत, कागद खिशात आहे.

लेक : डोळ्यांचा प्रश्नच नाही. मागच्या खेपेला अंगणात दिली होती तुम्हाला. दहा पावलांवरचं वळण, आणि शेजारच्या काकूंच्या सात कुंड्या.

बाबा : सहा. सातवी आधीच तडकलेली होती.

लेक : बसमध्ये तुम्ही पुढच्या चाकाच्याही पुढे बसायचात. नाक वळणाबाहेर काढायचं आणि मग स्टीअरिंग फिरवायचं. इथे तुम्ही जवळजवळ मागच्या चाकावर बसलेले असता. तेवढ्या उशिरा फिरवलंत की गाडी सरळ जाते. अंगणात कुंड्या होत्या, घाटात कठडा आहे. ते मडगार्ड ठोकून सरळ करायला मला पंधरा दिवस लागले, बाबा. ही मी मिस्त्रीकाकांनासुद्धा चालवू दिलेली नाही.

बाबा : ठाऊक आहे.

लेक : मी नेते ना काकांना. सावकाश नेते, म्हणतील तिथे थांबते. त्यांना घाट बघायचाय. तो तर दिसेलच.

बाबा : दिसेल.

लेक : रागावलात?

बाबा : नाही गं. माझी बस मी कुणाला दिली असती का? डेपो मॅनेजर एकदा म्हणाला होता, जरा फिरवून बघतो. मी किल्ली खिशात घालून जेवायला निघून गेलो. तुझी गाडी आहे. पुढच्या चौकात उजवीकडे घे, निळ्या फाटकाचं घर.

[घाटाच्या पायथ्याचं एक बैठं घर. दारात दोरीनं बांधलेली खोकी. गाडी फाटकाशी उभी.]

उभेराव : आले, आले. पुढे सरका, दारात गर्दी नको. पोरी, ती खुर्ची सोडून कुठेही बस, तिचा एक पाय खोक्यात गेलाय. आणि हा का असा वाकून चालतोय?

बाबा : त्या गाडीतून उतरून दाखव, मग बोल.

उभेराव : बघू दे मला नीट. हीच का ती? फोटोपेक्षा लाल आहे. हिची मागची सीट कुठाय?

लेक : नाहीच काका. दोनच माणसांची आहे.

उभेराव : मग कंडक्टरनं उभं कुठे राहायचं?

बाबा : छपरावर. कापडाचंच आहे, भोक पाड आणि डोकं बाहेर काढ.

उभेराव : गप रे. त्या छपराची शिवण हिनं आईच्या शिलाई मशीनवर घातलीय. तीन सुया मोडल्या, चौथीनं काम झालं. आणि हा डावा दिवा, पोरी, तुला भंगारबाजारात मिळाला ना, चौथ्या खेपेला? आणि उजवा जरा पिवळट आहे म्हणून तू हळहळत होतीस. कुठाय पिवळा? मला तर दोन्ही सारखेच दिसतात.

लेक : काका, तुम्हाला हे सगळं कोणी सांगितलं?

बाबा : मी जरा इंजिनाचं पाणी बघून येतो.

लेक : आत्ताच बघितलंय, बाबा.

बाबा : पुन्हा बघतो. चढ आहे पुढे.

उभेराव : पळाला. अवघड जागी पोचला की पाणी बघायला जातो, सव्वीस वर्षांची खोड आहे. अगं, दर रविवारी फोन यायचा त्याचा. ‘उभेराव, आज ब्रेक बसले.’ ‘आज गिअरबॉक्स वर गेला.’ मी म्हणायचो, तू बसवलास का रे? तर म्हणायचा, ‘मी कोण? मी बापडा बाप. पोरगी करते सगळं.’ डेपोतल्या एकालाही सोडलं नाही त्यानं. चहावाल्याला विचार, तुझ्या गाडीच्या हेड गॅस्केटची तारीख सांगेल.

लेक : घरात एक शब्द बोलले नाहीत. मला वाटायचं, आवडलेलंच नाही त्यांना. मुलीनं लिफ्टा दुरुस्त करायच्या, वर हे भंगार.

उभेराव : घरात बोलला असता, तर तुला वाटलं असतं, बाप कौतुक करतोय म्हणजे झालं काम. असं त्याचं गणित. चुकीचं का असेना. बरं, आणि सकाळची शाळा तुला माहीत आहे की तीही नाही?

लेक : कसली शाळा?

उभेराव : कुंड्या फोडल्यापासून चालू आहे. तू कामाला गेलीस की हा गाडीवरचं कापड काढतो, आत बसतो आणि मला फोन लावतो. इंजिन सुरू करत नाही हं, हातसुद्धा रुमालानं पुसून घेतो. मग मी इकडून वळणं सांगायची. मी घाट डोळ्यांनी कुठे बघितलाय? पण पायांना पाठ आहे. कोणत्या वळणाला कोणत्या पायावर भार येतो, किती वेळ राहतो, सगळं. मी म्हणतो, ‘डावं, लांब, मग लगेच उजवं.’ तो तिकडे चाक फिरवतो. दोघांनाही आठवलं नाही की भांडतो. एकोणिसाव्यावर तर दोन दिवस भांडलो.

लेक : रोज?

उभेराव : तुझ्या आईनं पहिल्यांदा बघितलं तेव्हा घाबरली बिचारी. बंद गाडीत बसून नवरा एकटाच वळतोय. नंतर म्हणाली, चालू दे, नेम दिसतोय. एक दिवस चुकला नाही. काल मी म्हटलं, आता पुरे, उद्या येतोयस ना. तर म्हणतो, ‘पोरगी देईल असं नाही. तिनं नाही म्हटलं तर तेही बरोबरच आहे. पण दिलीच, तर तयारी नव्हती असं व्हायला नको.’

लेक : बाबा. इकडे या जरा.

बाबा : पाणी आहे बरोबर.

लेक : ते राहू दे. पाचवं वळण कुठलं?

बाबा : काय?

लेक : पाचवं. घाटाचं.

बाबा : उजवं. आत दुमडलेलं. वरून ट्रक येत असेल तर खालीच थांबायचं, त्याला आधी जाऊ द्यायचं.

लेक : स्टीअरिंग कधी फिरवाल?

बाबा : बसला, की हिला?

लेक : हिला.

बाबा : कठड्याचा पहिला दगड माझ्या खांद्यापाशी यायच्या आधी. माझी पुढची चाकं माझ्या पुढे आहेत. मागे नाहीत. रोज सकाळी स्वतःला सांगतो ते.

लेक : एकोणिसावं?

उभेराव : डावं.

बाबा : उजवं, आणि मग डावं. दोन आहेत ती, हा एकच मोजतो.

लेक : ही घ्या किल्ली.

बाबा : अगं, तू ने त्याला. मी काही म्हटलं का?

लेक : तुम्ही कधीच काही म्हणत नाही. घ्या. सीट पुढे ओढा, खालच्या दांडीनं सरकते. आरसे तुमचे तुम्ही लावा, मी लावले तर पुन्हा हलवाल. हातब्रेक तीन टिचक्या ओढला की पुरे, बससारखा उपटायचा नाही.

उभेराव : आणि पोरी, तू?

लेक : दोनच सीट आहेत, काका. मी इथे पायरीवर बसते. तुमची खोकी राखते.

उभेराव : तुझा जीव इथे टांगणीला लागेल.

लेक : लागेल. लागू दे. पट्टा असा ओढा, आणि इथे अडकवा. खट् वाजायला हवं.

उभेराव : केवढं खाली रे हे. आणि धरायचं कशाला?

बाबा : काही नाही धरायचं. हात मांडीवर ठेव. तू आज पॅसेंजर आहेस.

लेक : बाबा, चढाला तिसरा ठेवा. दम लागला तर दुसरा.

बाबा : आणि उतरताना?

लेक : ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये.

बाबा : हे तुला कोणी शिकवलं?

लेक : तुम्ही. मी नऊ वर्षांची होते. बसमध्ये तुमच्या मागच्या सीटवर गुडघ्यांवर उभी राहून बघायचे.

बाबा : हं.

लेक : आणि कुठे काही लागलं, खरचटलं, तरी थांबून बघत बसू नका. ते मी करीन. मला येतं.

बाबा : येतं. फार छान येतं तुला. माझ्या आयुष्यात इतकं नीट इंजिन मी कुणाचं ऐकलेलं नाही. चल, सरक बाजूला, पायावरून जाईल चाक.

उभेराव : थांब थांब, ड्रायव्हर, एकदा मागे बघू दे.

बाबा : मागे कुणी नाही, उभेराव. समोर बघ.