कॅसेटींचं वाळवण

(जुईनगरच्या समाजमंदिरातली मागची खोली. ऑक्टोबरची दुपार.)

सुमय्या : मावशी, खरं सांगा. गच्चीवर तुमच्या साडीवर ते काय पसरलंय?

बाळाबाई : वाळवण हाय की.

सुमय्या : कशाचं वाळवण?

बाळाबाई : तुझ्या त्या क्यासेटींचं. अगं, अशी डोळं वटारून काय बघतीयास? काल तूच म्हनलीस न्हवं, पावसात समद्यांना बुरशी धरलीया म्हनून? मला वाटलं, पोरगी शनिवारी इमानात बसून नवऱ्याकडं जायची, तिच्या जीवाला कशाला आनि हा घोर. सकाळधरनं उन्हात घातल्यात. दोनदा पलटी बी केल्या.

सुमय्या : पलटी केल्या!

बाळाबाई : मग? एकाच अंगानं कशा वाळतील?

सुमय्या : या अल्ला! मावशी, ती मिरची नाय हो! मी बोललेले हवा दाखवा. हवा! म्हंजे कपाट उघडं ठेवा, पंखा लावा. उन्हात प्लास्टिक वाकतं. ऑक्टोबरचं ऊन आहे हे, माणूस वितळेल त्यात.

बाळाबाई : आगं बया.

सुमय्या : सगळ्या घातल्या?

बाळाबाई : न्हाई न्हाई. वरचा एकच खन. खालच्या उद्या घालनार हुते.

सुमय्या : शुकर आहे. चला, उचलून आणू आधी. साडीचे चार कोपरे धरा... हळू. आता ठेवा इथं टेबलावर. ही बघा, कशी झालीय? होडीसारखी.

बाळाबाई : आनि ही?

सुमय्या : ही बरी दिसते. लावून बघते थांबा.

बाळाबाई : ...ह्यो बाप्या असा का गातुया? प्यालाय जनू.

सुमय्या : हसू नका. मला पण हसू येतंय आणि मला रडायचंय.

बाळाबाई : सुमे, हे घे. ही कपाटाची किल्ली घे बाई. म्या आपली झाडू मारनारी बरी. तुला सांगत हुते का न्हाई, मला वाचता येत न्हाई, लिवता येत न्हाई, हे माझ्या हातनं व्हायचं न्हाई. तू ऐकली न्हाईस.

सुमय्या : किल्ली ठेवा. मावशी, किल्ली ठेवा कमरेला परत. पाच वाजता सोसायटीचे सुधीरभाऊ येतायत. त्यांना आज ठरवायचंय. मी गेल्यावर हा आपला मंडईच्या भोंग्यावरचा रेडिओ बघायला माणूस असेल तर ठीक, नायतर ही खोली कॉम्प्युटर क्लासवाल्याला. तो तर मोजमाप घेऊन पण गेला. तुमी पण किल्ली टाकलीत तर संपलंच ना सगळं.

बाळाबाई : दुसरं कुनी न्हाई का गं?

सुमय्या : सगळ्यांना विचारलं. राजेश्वरीला विचारलं, ती बोलली माझा टायपिंगचा क्लास असतो. शिवतेजला विचारलं, तो बोलला पगार किती. आता बोला.

बाळाबाई : आमच्या ह्यांना काय सांगू मग? बाजारात पाठ मोडल्यापास्नं गडी पडून हाय. मंडईतला तुझा भोंगा आमच्या खिडकीतनं ऐकू येतो, तेवढ्यावर त्याचा दिस जातो. भजन झालं की म्हनतो, बाळे, गोळी दे. कोळ्यांचं गानं लागलं की म्हनतो, आता चहा ठेव. परवा लाईट गेल्ती तर गडी गोळीच इसारला. आन मीबी इसारले.

सुमय्या : मग ज्ञानूकाकांसाठी तरी धीर धरा. बसा. तो छोटा पेचकस द्या मला. ड्रॉवरमध्ये, शिलाई क्लासच्या दोऱ्यांखाली.

बाळाबाई : फोडतीस का काय?

सुमय्या : खोलते. बघा, कोपऱ्यात आणि मध्ये बारीक स्क्रू असतात. डबा वाकलाय, आतली फीत चांगली आहे. फितीची गुंडाळी उचलायची, कोऱ्या कॅसेटच्या डब्यात बसवायची, बस. कोऱ्या माझ्याकडे आहेत पडलेल्या.

बाळाबाई : किती येळ त्योच इस्क्रू फिरवतीयास?

सुमय्या : टेन्शन आलंय ना. निसटली तर सगळी फीत जमिनीवर.

बाळाबाई : सरक तिकडं. हिकडं दे. साऱ्या जल्मात शेवया केल्या म्या. ओल्या शेवया काठीवर टाकताना एक तुटली तर सासू दिवसभर बोलायची. ह्या खुंटीवरनं न्यायची व्हय?

सुमय्या : हो. आणि त्या छोट्या चाकाच्या बाहेरनं. पिळा पडू देऊ नका. असंच... वा मावशी.

बाळाबाई : वा म्हनू नगंस, माझा जीव खाली-वर हुतोय.

सुमय्या : आता झाकण. स्क्रू मी लावते. दोरा कुठला होता हिला?

बाळाबाई : निळा. निळ्याला दोन गाठी. जुनी गानी, बाई आन बाप्या मिळून म्हनत्यात ती. लाल म्हंजी लावनी, भगवा भजनाला, हिरवा तुझ्या कव्वाल्यांना. ते ध्यानात हाय माझ्या, ते न्हाई इसरायची.

सुमय्या : लावू?

बाळाबाई : लाव. न्हाई, थांब. देवाचं नाव घिऊ दे. हां, लाव आता.

सुमय्या : ...मावशी! बघा! सरळ झाला आवाज!

बाळाबाई : अगं, रडायला काय झालं आता? नीट झालं न्हवं?

सुमय्या : काय माहीत. सकाळी अम्मीनं बॅग भरायला घेतली, तेव्हा पण नाय रडले. फहाद चांगला आहे, मावशी. मला जायचं नाय असं नाय. व्हिसा आला तेव्हा मीच उड्या मारल्या. पण ही खोली सोडवत नाय. कॉलेज सुटल्यावर मुली सिनेमाला जायच्या, मी इथं येऊन कॅसेटी पुसत बसायचे. अब्बा बोलायचे, तुझं लग्न या कपाटाशीच लावतो.

बाळाबाई : मला म्हाईत हाय. म्या झाडू मारायची आन तू जागची बी उठायची न्हाईस, इतकी गानं ऐकत बसायचीस.

सुमय्या : उठायचे हो मी!

बाळाबाई : एकदा उठलीस. झुरळ दिसलं म्हनून.

सुमय्या : चला, पुढची घ्या. ती हिरव्या दोऱ्याची.

बाळाबाई : हिला इस्क्रूच न्हाईत की गं.

सुमय्या : ती चिकटवलेली आहे. ती नाय खुलणार. अरे यार, माझी आवडती कव्वाली होती ती.

बाळाबाई : मला मार एक. खरंच मार.

सुमय्या : काहीतरीच. वाजतेय ना? थोडी डुलते. डुलू दे. कव्वालीत डुललं तर चालतं.

सुधीर : सुमय्या? अगं, हे काय चाललंय? दुकान फुटलंय की काय कॅसेटींचं?

सुमय्या : सुधीरभाऊ! पाच नाय वाजले अजून.

सुधीर : मी काय म्हणतो, मीटिंग लवकर संपली. कॉम्प्युटरवाला खाली चहा पितोय, त्याला आजच हो की नाही सांगायचंय. पण हे सगळं उघडंनागडं पडलंय ते काय?

बाळाबाई : सायेब, म्या बिघडवल्या. उन्हात वाळत घातल्या.

सुमय्या : माझ्यामुळे झालं, सुधीरभाऊ. मी बोलले ऊन दाखवा.

बाळाबाई : खोटं बोलू नगंस पोरी. हवा म्हनलेलीस तू, हवा.

सुमय्या : मावशी, गप्प बसा ना!

बाळाबाई : का म्हनून गप बसू? अंगावर आळ घिऊन तू इमानात बसनार? सायेब, हिची काय बी चूक न्हाई. म्या कपाटाला लायक न्हाई ह्ये खरं हाय. पर ह्या खोलीला कुलूप लावू नगा. दुसरं कुनी बघा, म्या त्याला समदे दोरे शिकवीन. आमचा मानूस तुमच्या गान्यावर जगतुया.

सुधीर : दोरे? कसले दोरे?

सुमय्या : मावशींना वाचता येत नाय, म्हणून आमी प्रत्येक कॅसेटला रंगीत दोरा बांधलाय. महिनाभर चाललंय आमचं. तुमाला सांगितलं नाय, कारण तुमी नाय म्हणाला असता.

सुधीर : म्हणालोच असतो. अगं, ही सोसायटीची वस्तू आहे, कुणी फर्माईश केली तर मिनिटात निघायला पाहिजे. मी काय म्हणतो, बाळाबाई, तुमच्याबद्दल माझं काही वाकडं नाही. पण समजा मीच म्हटलं, ते जुनं द्वंद्वगीत लावा, चांदण्यातलं, गणपतीत शेवटच्या दिवशी लावलं होतं ते. तर काय कराल?

बाळाबाई : जे लागल्यावर तुमच्या बायकूनं तुमास्नी जिन्यातनं हाक मारून वर बोलावलं हुतं, ते?

सुधीर : ...हो. तेच.

बाळाबाई : ह्ये घ्या. निळा, दोन गाठी. आत्ताच नवा डबा घातलाय त्याला. दुसरी बाजू लावायची आन थोडं फुडं न्यायचं. म्या लावू का, का हिनं लावायचं?

सुधीर : तुम्हीच लावा.

सुमय्या : लाल बटण नको, मावशी. त्याच्या शेजारचं.

बाळाबाई : म्हाईत हाय. लालनं पुसतं. लालला तर म्या झाडताना बी हात लावत न्हाई.

सुमय्या : बरोबर आहे ना, सुधीरभाऊ?

सुधीर : थांब, ऐकू दे. हे कडवं होऊ दे.

सुमय्या : सुधीरभाऊ, कॉम्प्युटरवाला खाली...

सुधीर : त्याला काय सांगायचं ते मी बघतो. वरची व्यायामशाळेची खोली आहे ना, तिथं सकाळी कोण असतं? ते डंबेल्स सोडून कोणी नसतं, क्लास तिथं भरेल. डबा तुम्हीच बदललात, बाळाबाई? स्वतः?

बाळाबाई : हिनं खोललं, म्या फीत घातली.

सुधीर : आमच्या घरी माझ्या लग्नाची कॅसेट अशीच गाडीत राहून वाकलीय. दुकानदार म्हणाला फेकून द्या. तुमच्याकडे आणली तर?

बाळाबाई : आना की. इस्क्रू असलं तर हुईल. चिकटवल्याली असली तर मला बोल लावायचा न्हाई.

सुधीर : नाही लावणार. मी काय म्हणतो, किल्ली तुमच्याकडेच राहू द्या. पण एक अट. गच्चीवर जायचं नाही.

बाळाबाई : देवाशपथ. पापड बी घरात वाळवीन.

सुधीर : आणि सुमय्या, फहादला म्हणावं, आमची मुलगी नेतोयस, नीट सांभाळ. काय? जातो मी, चहा गार व्हायच्या आत त्याला गाठतो.

सुमय्या : गेले. मावशी! तुमी जिन्यातली गोष्ट कशाला काढलीत? मेलेच मी.

बाळाबाई : त्यांनीच इचारलं न्हवं कुठलं गानं ते. पाच वाजलं बघ. भोंगा चालू कर.

सुमय्या : आज तुमी करायचा. माईक घ्या.

बाळाबाई : म्या? अगं जा. माझी बोली ऐकून मंडई हसंल.

सुमय्या : हसू दे. गाणं कुणासाठी आहे ते सांगायचं फक्त. नाव आणि राहायला कुठं, एवढंच. मग बटण.

बाळाबाई : आपल्या मनानं कुनाचंबी नाव घ्यायचं?

सुमय्या : पहिलं आहे, तुमचं तुमी ठरवा. ज्ञानूकाकांचं घ्या.

बाळाबाई : त्यांचं रोज घीन. त्यो काय, खिडकीतच हाय. तुला ज्या गावाला जायचं, त्याचं नाव काय म्हनलीस?

सुमय्या : बहारीन.

बाळाबाई : बहारीन. बहारीन. जिभेवर बसत न्हाई मेलं.

सुमय्या : माझं नाव घेताय? मावशी, मी अजून इथंच आहे ना. आणि तिथं गेल्यावर मला कुठलं ऐकू येणार? आपली तार मंडईच्या पुढं जात नाय.

बाळाबाई : तुला न्हाई गं ऐकू यायचं. पर मंडईतल्या बायांना तर रोज कळंल, आपली एक पोरगी तिकडं लांब हाय.