दोर धरायची रीत

—नाई साहेब, दोराले नावं नाई ठेवत मी. नायलानचा हाय, चांगला हाय, बैल टांगला तरी तुटनार नाई. पन दोर तुटून कोन मरते? मानूस मरते तो वरच्यानं सोडला म्हनून! म्हनूनच आमच्या घरात रीत हाय— कड्यावर मधाचं मोहोय काढाले उतरलं का वर दोर बायकोच्या भावानंच धरावा. सख्खा भाऊ बी नाई चालत. त्याचं काय, वावराच्या वाट्यासाठी देइन सोडून. बायकोचा भाऊ कसा सोडन? बहिनीचं कुंकू लटकून राह्यते ना खाली! हसता काहून? तुमचा दोर कोन धरते— कालेजातला दोस्त? त्याची बहीन केली हाय का तुमी?

घाटंजीच्या बजारात तुमाले लोकाईनं सांगतलं, या उकंडाले कडा माहीत हाय. हाय ना, बापापासून माहीत हाय. पन आता ते जंगल राखीव झालं, तारा ठोकल्या, पाटी लावली. तुमच्याजवय रेंजरसाहेबाची चिठ्ठी हाय, कड्यावर चढाचे खियाचे जोडे हाय, हिमालयावर चढलेल्याईचा पेपरातला फोटू हाय. तुमी चढले तं शाबास, अन् मी उतरलो तं चोर! काहून? तुमी हवा खाले जाता, मी पोटासाठी जातो— मंग चोर मीच कसा?

मारोती म्हंजे माया बायकोचा, कांताचा भाऊ. मागच्या होळीले मी कड्याच्या मधात लटकून होतो अन् वर मारोतीजवय जंगलखात्याचे दोन नाकेदार आले. त्याईले वाटलं, हा खालून लाकूड ओढून राह्यला. दोर सोड म्हने. मारोतीनं नाई सोडला. खाली मानूस हाय हे बी नाई सांगतलं— मी धरल्या जाइन म्हनून. काठीनं बोटं ठेचली त्याईनं त्याची, एक-एक करून. तरी नाई सोडला. अन् मी... मी खालून एक हाक देली असती— मानूस हाय रे इथं, मले धरा— तं थांबले असते ते. मी दगडाले चिकटून गप राह्यलो, साहेब. सारं ऐकत राह्यलो. हे मी कांताले बी नाई सांगतलं. तुमाले कायले सांगून राह्यलो?

असो. लेहा चिठ्ठीवर मारोतीचं नाव, दोर धरनारा म्हनून. तारेतून पयले तो जाइन, मांगून आपन. तसं जमत असन तं येतो मी कडा दाखवाले... नाई जमत? तुमच्यासंगं एकाच मानसाची परवानगी हाय? मंग ठेवा ती खिशात. उद्या मी उतरतोच, दिवसाउजेडी, त्या पाटीसमोरून. दोर मारोतीच धरन— कमरेले बांधून, झाडाले टेकून. येऊ द्या नाकेदाराले. यावेळी खालून असा बोंबलीन का घाटंजीपावतर ऐकू जाइन!

उठा आता. जेवाची येळ झाली. मारोती बसला असन ताटावर, त्याले घास भरवा लागते मले.