मोहरीचं तेल

बालीगंजला तेलाच्या दुकानासमोर रांग होती. माझ्यापुढच्या सासूसुनेला वाटत होतं, आपलं मराठी इथे बंगाल्यांत कुणाला कळणार नाही. मीही कळू दिलं नाही.

"बाई गं, काय हा वास! डोळ्यांत पाणी आलं."

"म्हटलं होतं ना आई, घरी थांबा म्हणून."

"उद्याची गाडी. साताऱ्याला कुठलं मिळायला मोहरीचं तेल? गुडघ्यांना चोळायला बरं म्हणतात."

"दोन किलो?"

"गुडघे दोन आहेत."

"थंडीभर तर स्वयंपाकात थेंब पडू दिला नाहीत."

"आम्ही शेंगदाण्याच्या तेलावर वाढलो. विनूही त्याच्यावरच वाढला. माझी आमटी वाटी तोंडाला लावून प्यायचा."

"अजूनही आवडते त्यांना."

"काल अर्धी वाटी ठेवून उठला."

"ऑफिसची घाई असते, आई."

"काल रविवार होता, कालिंदी."

रांग थोडी पुढे सरकली.

"इतकी वर्षं इथलंच जेवतायत. जिभेला सवय होते. त्यात तुमचं काय चुकलं?"

"मी कुठे काय म्हणतेय? मे महिन्यात येताय ना सगळे?"

"येतोय की."

"मग झालं. डबा पुढे कर."

दुकानदाराने तेल ओतलं. सुनेने झाकण घट्ट लावलं.

"आई, तेल आधी धूर येईपर्यंत तापवायचं. उग्रपणा जातो."

"गुडघ्यांना लावायच्या आधी?"

"फोडणीच्या आधी."

सासूबाईंनी डबा स्वतःकडे घेतला. चार पावलं गेल्यावर त्या थांबल्या.

"आणि हिंग गं? धूर यायच्या आधी, की नंतर?"