चाळीस तारे

पोलादपूरच्या गाडीत हफिजाबाईंच्या पुढच्याच बाकावर त्यांच्या दुसरीच्या वर्गातली अक्षदा आणि तिची आजी रंगूबाई येऊन बसल्या. बाईंनी ओढणी पुढे ओढली आणि कान टवकारले.

"आजी, बाई मोबाईलवर वाचायला गोष्टी पाठवतात, त्याचे मला चाळीस तारे पडलेत! मी तर एकपण उघडली नाय."

"घरात रेंज नाय, रेंज टेकडीवर. गुरं पण टेकडीवर. मग मोबाईल मीच नेते ना गो! गुरांना मोठ्यानं वाचून दाखवते, मग खालच्या प्रश्नांच्या उत्तरांची बटणं दाबते."

"पण तुला वाचता कुठं येत होतं?"

"गणपतीपर्यंत नव्हतं येत."

"आता सोमवारी बाई मला सगळ्यांसमोर वाचायला लावणार!"

"मग सोमवारी तू गुरांमागं जा. शाळेत मी जाते."