कूलरमधून आलेला मेसेज

तुमच्या कूलरमधलं पाणी संपलं, तर तुम्हाला कसं कळतं? मला फोनवर मेसेज येतो. माझ्या लेकीची, केतकीची करामत आहे ती.

नागपुरात बेसा भागात तिची कंपनी आहे, तिथे असा मेसेज पाठवणारं यंत्र बनवतात. त्यात सिग्नल पाठवणारा भाग, म्हणजे वायफायचं मॉड्यूल, तिच्या साहेबांना मोठ्या कंपनीचं हवं होतं आणि केतकीला एका लहान कंपनीचं. शेवटी साहेब मोठ्या कंपनीच्या माणसाला घेऊन आमच्या घरच्या कूलरवर दोन्ही तपासायला आले. केतकी चुकली, तर हे काम दुसऱ्याकडे जाणार होतं. तिने दोन्ही मॉड्यूल कूलरच्या आत लावली आणि पाणी काढून टाकलं.

माझा फोन वाजला. "आमचंच असणार!" तो माणूस म्हणाला. मी वाचून दाखवलं. मेसेज लहान कंपनीच्या मॉड्यूलचा होता. सगळ्यांचा चहा पिऊन झाला तरी मोठ्या कंपनीचा मेसेज आला नाही.

"मावशी, तुमच्या घरचं नेटवर्कच कमजोर आहे," तो म्हणाला.

केतकीने त्याचं मॉड्यूल काढून कूलरच्या वर ठेवलं. लगेच फोन वाजला.

"तुमचं मॉड्यूल चांगलंच आहे दादा," ती म्हणाली. "पण पत्र्यातून त्याचा सिग्नल बाहेर येत नाही. दुसऱ्याच्या अँटेनाची तार बाहेर काढता येते. लोकं काय कूलर उघडून ठेवतील?"

"काहून केतकी, हे आधी नाही सांगितलं?" साहेबांनी विचारलं.

"किती वेळा सांगितलं सर. तुम्ही कंपनीचं नावच पाहून राहिले होते."

"काहून वं, साहेबाले असं बोलते का?" मी घाबरून पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लहान कंपनीला ऑर्डर गेली, आणि साहेबांनी त्या ऑर्डरवर स्वतःच्या ऐवजी केतकीची सही घेतली.