जाहीर झालेली तारीख

नव्या राजधानीकडे जाणाऱ्या बसच्या रांगेत सरिता उभी होती. तिच्या पुढे लिफ्ट बसवणारे धर्मपाल आणि त्यांची कॉलेजातली पोट्टी पायल यांची चांगलीच जुंपली होती.

“दोन वर्षं वाट पाहिली बाबा मी या गेमची! अन् आधा-अधूरा बेच दिया. गेममधला माणूस चालता चालता जमिनीतून खाली पडून राहिला.”

“मंग विकला काहून?”

“तारीख जाहीर केली होती ना! आजकाल मोठ्या कंपन्या असंच करतात. आधी विकतात, आपण पडलो की मंग दुरुस्त करतात.”

“करतात ना दुरुस्त? मंग तू काहून चिडून राहिली?”

“आम्ही काय तपासाले ठेवलेले लोक आहो?”

तेवढ्यात धर्मपालांचा फोन वाजला.

“हव साहेब, राजधानीतल्या नव्या इमारतीचं उद्घाटन उद्याच आहे, माहीत आहे मले. पण लिफ्टचा ब्रेक अजून नीट धरत नाही... काय म्हणता? चालू करून देऊ? नंतर पाहू?”

बस आली. रांग पुढे सरकली, पण सरिता ऐकतच उभी राहिली.

“बाबा,” पायल हळूच म्हणाली, “माझा गेममधला माणूस पडला तरी पुन्हा उठते.”

खिसा चाचपत धर्मपाल फोनवर म्हणाले,

“साहेब, उद्या फीत खुशाल कापा. लिफ्टची चाबी माझ्यापाशी आहे, अन् मी उद्या येऊन नाही राहिलो.”