मापासाठी उभा केलेला माणूस

ग्रिंडेलवाल्डच्या स्थानकात डोंगरगाडीची वाट पाहत असता शेजारच्या बाकावरून पुढील संभाषण ऐकू आले. एक रेल्वेचा छायाचित्रकार होता. दुसरी, वाटाड्या मेल्खिओरची विधवा व्हेरेना.

“साहेब, घरात ह्यांचा एकही फोटो नाही. हिमनदीवरचा तो तरी द्या.”

“वहिनी, त्यात तो मोहरीएवढा दिसतो. बर्फाची उंची कळावी म्हणून पायथ्याशी उभा केला होता.”

“मोहरीएवढा तर मोहरीएवढा. हलले नाहीत ना? चर्चमध्येसुद्धा स्वस्थ बसायचे नाहीत.”

“अजिबात नाही. अगदी स्पष्ट आलाय.”

“मग वरून बर्फ सुटला तेव्हा पळाले का नाहीत?”

“आवाज झाला तसं त्यानं माझ्याकडं पाहिलं.”

“आणि तुम्ही?”

“माझा हात वर होता, वहिनी. तो खाली येईपर्यंत हलायचं नाही, असं मीच त्याला बजावलं होतं.”